जवसाच्या तेलाचा शेवटचा हात

दारव्ह्याले सरदार मिस्त्रीची खुर्ची म्हनलं का लोक आंधी तिच्यावर हात फिरवत, बसत मंग. हात कसा आपोआप सरके, कुठं अडे नाही. लोक म्हनत, मिस्त्रीच्या हातात काहीतरी हाये. पन मिस्त्रीचा हात करवतीचा अन रंद्याचा. खुर्चीवर जो चकचकाट राहे तो त्याच्या बायकोचा, हुस्नाबीचा. आमच्या गल्लीतल्या बायाइले हे ठाऊक होतं, बाजाराले नाही. मांगच्या आंगनात तट्ट्याची आड करून ती बसे अन तिथंच पालिश करे. समोर दुकानात मिस्त्री बसे अन लोक त्याची पाठ थोपटत. तो हासे. तिलेबी त्याचं काही वाटे नाही, घरातच तर राह्यते म्हने.

हुस्नाबी मुकुटबनची. बाप लाखेच्या बांगड्या करे. लेकरू होती तवापासून तिची बोटं लाखेनं भाजलेली. लग्न होऊन दारव्ह्याले आली तं मिस्त्री फडक्यानं कसंतरी पालिश फासे, कुठं जाड, कुठं पातळ. तिनं चार दिवस पाह्यलं अन म्हनलं, सरका तुम्ही.

तिची रीत अशी. चपडी लाख स्पिरिटात विरघळू द्याची. घरचा कापूस घ्याचा, सरकी काढून पिंजाचा, त्याचा मुठीत मावन असा गोळा कराचा. त्याच्यावर जुन्या धोतराचा फडका, धुऊन धुऊन मऊ झालेला, सुरकुती एक नको. हा झाला बोळा. बोळा लाखेत भिजवून लाकडाच्या रेघेनं असा न्याचा का लाकडाले समजूबी नये. मधात थांबला का डाग पडलाच. वाळू द्याचं, काचकागदानं हळू घासाचं, पुसाचं, अन मंग दुसरा हात. झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून आपन हात फिरवतो ना, तसा तिचा हात चाले.

सगळ्यात शेवटी जवसाच्या तेलाचा एक पातळ हात. पन ते तेल कच्चं चालत नाही, हे ध्यानात ठेव बरं, पुढचं सारं त्याच्यावरच हाये. कच्चं तेल आपल्याले खायाले बरं. लाकडाले लावाचं तं ते लोखंडी कढईत उकळा लागते, लय वेळ. कोंबडीचं पीस बुडवून पाहाचं, पीस करपलं का तेल पक्कं झालं. पक्कं तेल वाळून काचेसारखं होते. कच्चं वरून वाळल्यासारखं दिसते अन आतून चिकटच राह्यते.

आता पुंडलिकरावाच्या घरचं लग्न निंघालं. पुंडलिकराव म्हनजे आमच्या गल्लीच्या टोकाचे, पऱ्हाटी-तुरीचं वावर असलेले. त्याइची पोरगी विजयमाला. पोरीची माय ती रांगत होती तवाच गेली. तिले वाढवलं मैनाबाईनं, म्हनजे पुंडलिकरावाच्या बहिनीनं. मैनाबाई तरुनपनीच विधवा होऊन भावाच्या घरी आलती. पोरगी तिलेच माय समजे.

मैनाबाईचं तोंड म्हनजे बाप्पा. गावात कोनाचं लग्न असो, व्याह्या-इहिनीची थट्टा कराले तिलेच बलावत. नवरदेवाच्या पाटावर चादरीखाली पापड ठेवाचे, तो बसला का कडाकडा वाजले पाह्यजेत. इहिनीच्या शरबतात मीठ. सारं हासत हासत. इहीनबी हासे अन पुढच्या लग्नात उट्टं काढे.

पुंडलिकरावानं मिस्त्रीले सांगतलं, व्याह्यासाठी सागवानी खुर्ची कर. मांडवात व्याही आला का पह्यल्यांदा तिच्यावरच बसन, अन मंग पोरीसंगं ती त्याइच्या घरी जाईन. मिस्त्रीनं जीव ओतून केली. हुस्नाबीनं लाखेचे हात देल्ले. तेलाचा शेवटचा हात तेवढा राह्यला.

मैनाबाई पाहाले आली. भवताल फिरली, पाठीवर हात फिरवला अन म्हने, "बरी झाली गं हुस्ना. पन यवतमाळले वकिलाच्या घरी मी खुर्ची पाह्यली, तिच्यात आपलं तोंड दिसे. हिच्यात नुसतं डोकं दिसून राह्यलं."

"डोकं तं डोकं. तोंड पाहाले आरसा घे ना मंग."

"माह्यासाठी नाही वं. व्याह्यासाठी. त्याइले आपल्या मिशा दिसाव्या म्हनलं."

दोघी हासल्या. मैनाबाई गेली. पन हुस्नाबीच्या मनात ते रुतून बसलं. वकिलाच्या खुर्चीत तोंड दिसते अन माह्या खुर्चीत डोकं. तिनं ठरवलं, तेलाचा हात जाडसर द्याचा, दोनदा द्याचा, मंग पाहू. पक्कं तेल पाहाले गेली तं संपलेलं. खुर्ची दुसऱ्या दिवशी न्याची होती. बाहेर वैशाखाचं ऊन, त्याच्यात चूल पेटवाची, तेल उकळाचं, त्याचा धूर डोळ्यात जाते अन शेजारीपाजारी बोंबलतात. घरात खायाच्या तेलाची बरनी होती, घाण्यावरून नवीनच आनलेली, सोन्यासारखं तेल. तिनं बरनी उचलली. एवढं ऊन पडून राह्यलं, वाळन नाही तं जाईन कुठं, असं स्वतःलेच म्हनलं अन कच्चंच लावलं. जाडसर. दोनदा.

खुर्ची अशी चमकली का हुस्नाबीले खरंच आपलं तोंड दिसलं.

संध्याकाळी मिस्त्री आला. वाकून पाह्यलं. म्हने, "बहोत चमकाया तूने. तेल पकाया था ना?"

"पकाया," हुस्नाबी म्हने.

बस, एवढाच शब्द. त्यानं पुन्हा इचारलं नाही. बायकोच्या शब्दावर पुन्हा काय इचाराचं.

सकाळी तिनं बोट टेकवून पाह्यलं, बोटाले काही लागलं नाही. पुंडलिकरावाचा सालदार श्रावण बैलबंडी घेऊन आला अन खुर्ची गेली.

लग्न दुपारचं. बोरीहून वऱ्हाड आलं. व्याही बापूजी म्हनजे दांडगा मानूस, बोलनं कमी, मोठ्या पांढऱ्या मिशा, अन आंगावर खळ देल्लेलं पांढरंशुभ्र धोतर. त्याइले मान देऊन खुर्चीवर बसवलं. हुस्नाबी बायाइच्या कडेले, मांडवाच्या खांबाजवळ बसली होती. तिचं ध्यान नवरीकडं नाही, नवरदेवाकडं नाही. ती पाहे खुर्ची. बापूजीनं बसल्या बसल्या खुर्चीच्या हातावर हात फिरवला, पुन्हा फिरवला अन पुंडलिकरावाले म्हनलं, "खुर्ची लय गुळगुळीत करून घेतली हो." हुस्नाबीचं काळीज सुपाएवढं झालं. तेवढ्यात नवरदेव पाटावर बसला अन पापड कडकडले. सारा मांडव हासला. इहिनीनं शरबत थुकलं, पुन्हा हासले. मैनाबाई पदर तोंडाले लावून खुदखुदे.

मंग भटजीनं बलावलं, व्याह्यांनी या म्हने. बापूजी उठले. खुर्चीबी उठली.

आंधी लोक हासले. बापूजीबी हासले, त्याइले वाटलं धोतर कुठं अडकलं असन. त्याइनं झटका देल्ला. ते खळीचं धोतर मांगून टर्र फाटलं. खुर्ची खाली पडली अन त्या पांढऱ्या कपड्यावर हा एवढा तांबडा-पिवळा चिकट डाग. चारचौघात, पोराच्या लग्नात, एवढा मोठा मानूस मांगून हात लावून उभा. तवा कोनी हासलं नाही.

वऱ्हाडातला एक जन म्हने, "गूळ लावला खुर्चीच्या बसनीले. दुसरं कोन करन, ते तिचंच काम."

सारे मैनाबाईकडं पाहाले लागले. ती पुढं आली. म्हने, "पापड माहे. मीठ माहं. गूळ म्या नाही लावला."

"मंग कोनं लावला, खुर्चीनं?"

"देवाशपत नाही लावला."

कोनाले खरं वाटलं नाही. कसं वाटन, आत्ताच तर तिनं पापड अन मीठ कबूल केलतं. मुहूर्त टळू नये म्हनून बापूजीले दुसरं धोतर देल्लं, लग्न लागलं, जेवनं झाली. पन बापूजीचं तोंड उतरलं ते उतरलंच.

पोरीले सासरी वाटे लावाची वेळ आली. आपल्याकडं नवरीसंगं घरची एक मोठी बाई पाठराखीन म्हनून जाते, पह्यले चार दिवस सासरी पोरीले सोबत कराले. विजयमालेसंगं मैनाबाईच जानार होती. तिची गठडी बंडीत ठेवलेलीबी होती. बापूजी पुंडलिकरावाले म्हने, "पोरगी आता आमची. तिले काही कमी पडनार नाही. पन ही बाई माह्या घरी येनार नाही. आज नाही अन पुढंबी नाही."

पुंडलिकराव बहिनीकडं वळला. म्हने, "पाय धर त्याइचे." मैनाबाईनं एकदा भावाकडं पाह्यलं अन मंग वाकली. बापूजीच्या पायावर डोकं ठेवलं, न केलेल्या गोष्टीसाठी. बापूजी बाजूले झाले. श्रावणनं गठडी बंडीतून खाली उतरवली अन मैनाबाईच्या पायाजवळ ठेवली. त्याच्यात पोरीसाठी बांधलेले लाडू होते, कागद फाटून एक खाली घरंगळला. विजयमाला आत्याच्या गळ्यात पडून अशी रडली का ऐकवे नाही. दुसरीच एक म्हातारी पाठराखीन म्हनून बसवली अन बंड्या गेल्या.

हे सारं हुस्नाबीनं खांबाजवळून पाह्यलं. धोतर फाटलं तवाच तिले कळलं होतं, गूळ नाही, माहं तेल होय. तिच्या तोंडात बुंदी होती. ती गिळवे नाही अन तोंड उघडवे नाही. मनात म्हने, इतक्या लोकाइत बोललं तं मिस्त्रीची मान खाली जाईन. पन खरं ते नव्हतं, तिले माहीत होतं. तिले आपली मान वाचवाची होती.

दोन-चार दिवसांनी श्रावण खुर्ची घेऊन दुकानात आला. बोरीहून परत पाठवली म्हने, गूळ धुऊन द्या. मिस्त्रीनं बसनीवर बोट घासलं, बोटाचा वास घेतला. घरात आला. हुस्नाबी भाकरी थापून राह्यली होती.

"गुड़ नहीं है," मिस्त्री म्हने. "उस दिन तेल पकाया था ना?"

हुस्नाबी भाकरी थापतच राह्यली. थापून थापून भाकरी फाटली. मिस्त्री बाहेर गेला. रागं भरला असता तं बरं झालं असतं. जेवतानी त्यानं रोजच्यासारखं कांदा मांगतला, पानी मांगतलं. तिच्याच्यानं वर पाहावलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो मांगच्या आंगनात खुर्ची खरवडाले बसला. तिनं त्याच्या हातातलं पातं घेतलं. म्हने, "मेरा किया हुआ है, मैं निकालती." ती खरवडाले लागली. कच्चं तेल डिंकासारखं वळून वळून निंघे, बोटाले चिकटे, राखेनं घासलं तरी जाये नाही.

अन त्याच येळी तट्ट्याआडून मैनाबाई आली. लग्नापासून कोनाच्या दारी गेलती नाही. येऊन खाली बसली, गुडघ्यात मान घालून. म्हने, "हुस्ना, तू तं बायाइत बसली होती. तिथून खुर्ची दिसे. गूळ लावतानी कोनी दिसलं का तुले?"

हुस्नाबीचा हात थांबला.

"मले कोनाचं नाव घेऊन भांडाचं नाही," मैनाबाई म्हने, "नुसतं दादाले सांगाचं हाये. दादा माह्याशी बोलत नाही. पोरगी तिकडं एकटी. तिले आंबट वरन लागत नाही, कोन सांगन तिथं."

"गूळ नव्हता," हुस्नाबी म्हने. "तेल होतं. माहं. म्या कच्चं लावलं. मिस्त्रीनं इचारलं तं खोटं बोलली."

मैनाबाईनं खुर्चीकडं पाह्यलं, त्या खरवडलेल्या चिकट गोळ्याइकडं पाह्यलं.

"मी पायावर डोकं ठेवलं तवा तू तिथंच होती."

"होती."

"मंग तवा काय होतं तुह्या तोंडात?"

"बुंदी," हुस्नाबी म्हने.

खोटं बोलाचं नाही असं ठरवलं तं तोंडातून तेच आलं. हुस्नाबी मैनाबाईच्या पायाले हात लावाले गेली तं तिनं पाय मांगं घेतले. "माह्या पायावर काय पडतं. म्या नाही केलं हे मले ठाऊकच होतं, ते सांगाले तुही गरज नाही. बोरीले सांग." उठली अन गेली.

हुस्नाबीनं खुर्ची पार लाकडापर्यंत नेली. पुन्हा लाखेचे हात देल्ले, तेलाचा थेंब लावला नाही. तोंड दिसे नाही तिच्यात, डोकंबी धड दिसे नाही. खुर्ची न्याच्या दिवशी मिस्त्री म्हने, "तू रह घर में. मैं बोल देता बापूजी को, मेरी गलती है."

"नको," हुस्नाबी म्हने. "तुम्ही बोलले तं ते पुन्हा खोटंच होईन."

श्रावणनं बंडी हाकली. मिस्त्री पुढं बसला, ती मांगं खुर्चीची पाठ धरून. ऊन असं का बंडीचं लोखंड हाताले लावता येत नव्हतं. वाटेनं बोरी येऊच नये असं तिले वाटे.

बापूजी ओसरीवर बसले होते, बाजूले गावचे दोन-तीन म्हातारे बाप्पे. खुर्ची उतरवली. बापूजीनं हात फिरवला पन बसले नाहीत. म्हने, "मिस्त्री, बरी झाली. आता त्या मैनाबाईपासून जपा म्हना."

मिस्त्रीनं तोंड उघडलं तेवढ्यात हुस्नाबी बोलली. डोक्यावर पदर, नजर जमिनीवर. "मैनाबाईचं काही नाही बापूजी. तिनं गूळ नाही लावला. म्या कच्चं तेल लावलं होतं."

बापूजीले समजलं नाही. "तू? तुह्या हातात खुर्ची कवा आली?"

"पालिश मीच करतो. साऱ्याच खुर्च्याइचं मीच करतो. तेल उकळा लागते, म्या उकळलं नाही. घरच्या मानसानं इचारलं तं उकळलं म्हनून सांगतलं."

दोनदा सांगा लागलं तिले. पह्यल्यांदा सांगन्यापेक्षा दुसऱ्यांदा सांगनं जड गेलं, काहून का आता सारे कान देऊन ऐकून राह्यले होते. एक बाप्पा मिशीत हासला. "म्हनजे बापूजी, बाईनंच चिपकवलं तुम्हाले." मिस्त्रीनं मान खाली घातली. ती मान खाली जाऊ नये म्हनून आपन गप्प राह्यलो असं ती मनाले सांगत होती, अन ती मान आता तिच्या समोरच खाली होती.

बापूजी हासले नाहीत. म्हने, "त्या दिवशी काहून नाही बोलली?"

"लाज वाटली."

"अन आज?"

"आजबी वाटून राह्यली."

दाराआड बांगड्या वाजल्या. विजयमाला उभी होती, नवी नवरी, हळद अजून गेली नव्हती. सासऱ्यासमोर ती बोलाची नाही. पन तिनं हुस्नाबीकडं असं पाह्यलं का हुस्नाबीले वाटलं बंडीखाली जाऊन बसावं. ह्याच पोरीले तिनं लाखेच्या उरल्यासुरल्या तुकड्याइच्या बांगड्या करून देल्ल्या होत्या, ती लहान होती तवा.

बापूजी आपल्या पायाकडं पाहत म्हने, "एवढी मोठी बाई. अन मी पाया पडू देल्लं." उठले, पगडी घातली. श्रावणले म्हने, "बैलाइले पानी दाखव. मी येतो संगं. मैनाबाईले मीच आनाले जातो."

परतीले बंडीत बापूजी पुढं, मिस्त्री त्याइच्या बाजूले, अन हुस्नाबी मांगं. खुर्ची नव्हती आता, धराले काही नव्हतं. दारव्ह्याच्या येशीत लोक पाहाले लागले, व्याही आला, संगं मिस्त्री अन मिस्त्रीची बायको. जो इचारे त्याले बापूजी एवढंच सांगत, "मैनाबाईले न्याले आलो, चूक आमची झाली." तेलाचं नाव त्याइनं काढलं नाही. मंग हुस्नाबीच मधात बोले, "चूक माही झाली." पुढच्या चौकात पुन्हा तसंच.

पुंडलिकरावाच्या दारात बंडी थांबली. बापूजी खाली उतरले, दाराबाहेर उभे राहून हात जोडले अन म्हने, "मैनाबाई, पोरगी वाट पाहून राह्यली. चला." पुंडलिकराव नुसता, बसा, पानी घ्या, बसा, पानी घ्या, हेच म्हने.

मैनाबाई घरात गेली. गठडी बांधाले तिले वेळ लागला नाही. बाहेर आली, डोळे पुसलेले, लुगडं बदललेलं. बापूजीकडं पाहून म्हने, "व्याही, मी आली तं पापड घेऊन येईन बरं."

"आना," बापूजी म्हने.

हुस्नाबी गल्लीच्या कडेले भिताडाले टेकून उभी होती. गठडी वर ठेवाले तिनं हात लावला, मैनाबाईनं लावू देल्ला. चाकावर पाय ठेवून वर चढली, बसली, पदर सारखा केला. बैलानं मान हालवली. तवा मैनाबाईनं मांगं वळून पाह्यलं.

"हुस्ना, चुलीवर दूध ठेवलं गं. उतू जाईन. पाह्य जाऊन."

तुले आता ह्यात काही वाटनार नाही. पन तो काळ तसा होता, अन हुस्नाबी मुसलमान. इतकी वर्षं शेजार, एवढी सलगी, तरी हुस्नाबी त्या घरी ओसरीपुढं कधी गेली नव्हती. चुलीजवळ तं नाहीच. तिनं पुंडलिकरावाकडं पाह्यलं. तो बाजूले सरकला. ती पाय धुऊन आत गेली. दूध नुसतं कडेनं थरथरून राह्यलं होतं. तिनं जाळ मांगं ओढला अन चुलीपुढं बसून राह्यली. बंडीचा आवाज दूर गेला, तरी तिनं दुधावरची नजर हालवली नाही.